उपहासाचा ठसा : सोळाव्या शतकातील जर्मन छापचित्रांतून घडलेले धर्मगुरूंचे विडंबन

विडंबन ही संज्ञा साहित्यविचारात बहुधा शब्दरचनेपुरती वापरली जाते. परिचित आणि प्रतिष्ठित अशा रचनेचा साचा स्वीकारून त्यात विसंगत आशय भरणे आणि त्या विसंगतीतून मूळ रचनेच्या प्रतिष्ठेलाच धक्का देणे, हे विडंबनाचे सर्वमान्य स्वरूप होय. हा व्यापार शब्दांइतकाच चित्रांतही संभवतो. किंबहुना, युरोपच्या इतिहासात विडंबनाचा सर्वांत व्यापक आणि परिणामकारक वापर ज्या काळात झाला, त्या काळात शब्द आणि चित्र एकाच कागदावर, एकाच यंत्रातून छापले जात होते. सोळाव्या शतकातील जर्मनभाषक प्रदेशात पोप, कार्डिनल, बिशप आणि मठवासी यांची खिल्ली उडवणारी जी छापचित्रे निघाली, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात या दृष्टीने केला आहे.

या चित्रांकडे पाहण्याची एक रूढ पद्धत आहे. धर्मसुधारणा चळवळीच्या इतिहासग्रंथांत ती कॅथलिक धर्मसंस्थेच्या अधःपाताचा पुरावा म्हणून छापली जातात. चित्रात पोप लोभी दिसतो, म्हणून पोप लोभी होते, असा हा सरळ हिशेब आहे. परंतु आरोपपत्र आणि साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही चित्रे आरोप करतात. तो आरोप कोणत्या रीतीने केला गेला, कोणासाठी केला गेला आणि कोणत्या साच्यांचा आधार घेऊन पटवला गेला, हे समजल्याशिवाय त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करणे धोक्याचे ठरते.

१. पूर्वपरंपरा

धर्मगुरूंची थट्टा ही मार्टिन ल्यूथरच्या चळवळीने निर्माण केलेली गोष्ट नव्हे. बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'मधील लबाड मठवासी किंवा चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील पापमुक्तिपत्रे विकणारा फिरता विक्रेता ही पात्रे चौदाव्या शतकातील आहेत. चर्चमधील लाकडी आसनांच्या कोरीव कामात बदकांपुढे प्रवचन करणारा कोल्हा आढळतो. इ. स. १४९४ मध्ये बाझल येथे सेबास्टियान ब्रांट याचे 'मूर्खांचे जहाज' हे सचित्र काव्य प्रसिद्ध झाले. त्यातील मूर्खांच्या मेळ्यात धर्मगुरूंनाही जागा होती. इ. स. १५११ मध्ये एरॅस्मसचे 'मूर्खपणाची स्तुती' हे पुस्तक आले आणि त्यात मठवासी, धर्मशास्त्री व पोप यांच्यावर व्याजस्तुतीच्या आवरणाखाली कठोर टीका होती.

या सर्व उपहासाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. तो धर्मसंस्थेच्या आतून आलेला होता. ब्रांट आणि एरॅस्मस हे दोघेही अखेरपर्यंत कॅथलिक राहिले. उपहासाचा विषय व्यक्तीचे वर्तन हा होता, पद हा नव्हता. लोभी मठवासी हास्यास्पद ठरतो तो मठवासाचा आदर्श मान्य असल्यामुळेच. वर्तनाकडून पदाकडे वळलेला उपहास पंधराव्या शतकाच्या आरंभी बोहेमियात आढळतो. यान हुस याला इ. स. १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले. त्याच्या अनुयायांच्या वर्तुळात ख्रिस्ताचे दारिद्र्य आणि पोपचे वैभव ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवण्याची रीत रूढ होती. ल्यूथरच्या बाजूच्या चित्रकारांनी पुढे हीच रीत छापखान्यात आणली.

इ. स. १५१७ मध्ये ल्यूथरने पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ सिद्धान्त मांडले. ही विक्री ज्या अल्ब्रेख्त या आर्चबिशपच्या प्रदेशात चालली होती, त्याने एकाहून अधिक बिशपपदे मिळवण्यासाठी फुगर या सावकारी पेढीकडून कर्ज काढले होते. विक्रीचा अर्धा वाटा त्या कर्जाच्या फेडीकडे आणि अर्धा रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामाकडे जात होता. सामान्य श्रद्धाळूला हा व्यवहार तपशिलाने ठाऊक नव्हता. परंतु पैसे दिले की पापाची शिक्षा माफ होते, ही कल्पना चित्रात उतरवायला अत्यंत सोपी होती. एक पेटी, एक नाणे, एक मोहरबंद कागद आणि एक धर्मगुरू एवढ्यावर चित्र पुरे होत असे.

२. ठसा, कागद आणि बाजार

या चित्रांचे तंत्र समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यांचे स्वरूप तंत्राने घडवले आहे. लाकडी ठशाच्या छपाईत चित्रकार फळीवर रेषा काढतो, कोरक्या रेषांमधला भाग कोरून काढतो आणि उंच राहिलेल्या रेषांना शाई लावली जाते. खिळेही याच रीतीने, उंच पृष्ठभागावरील शाईने छापतात. त्यामुळे ठसा आणि खिळे एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येत. ताम्रपटावरील कोरणीत शाई खोलगट रेषांत भरावी लागते आणि तिला वेगळे यंत्र लागते. म्हणूनच शब्द आणि चित्र यांचा एकत्रित, स्वस्त आणि जलद प्रसार हे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रामुख्याने लाकडी ठशाचे कार्य राहिले.

चित्रकार, ठसा कोरणारा, मुद्रक आणि छापलेल्या कागदावर हाताने रंग भरणारा हे बहुधा वेगवेगळे कारागीर असत. तयार माल दोन रूपांत विकला जाई. एका बाजूने छापलेले सुटे पत्रक हे पहिले आणि काही पानांची पुस्तिका हे दुसरे. फेरीवाले हा माल बाजारात, जत्रेत आणि खाणावळीत विकत. पत्रकावरील पद्य मोठ्याने वाचले किंवा गायले जाई. म्हणजे एका प्रतीचा वाचक एकटा नसे. त्याच्याभोवती पाहणारे आणि ऐकणारे असत.

हा व्यवसाय होता, हेही विसरता येत नाही. ल्यूथरचा मित्र आणि चळवळीचा प्रमुख चित्रकार थोरला लूकास क्रानाख (इ. स. १४७२–१५५३) हा सॅक्सनीच्या राजदरबाराचा चित्रकार होता. व्हिटेनबर्ग येथे त्याची मोठी कार्यशाळा होती. हीच कार्यशाळा १५२० च्या सुमारास, ज्या अल्ब्रेख्तच्या पापमुक्तिपत्रांमुळे वाद पेटला त्याच अल्ब्रेख्तसाठी, हाले येथील चर्चची वेदीचित्रेही तयार करत होती. चित्राचा आवेश आणि चित्रकाराचा व्यवहार यांत अंतर असू शकते, याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

३. विडंबनाचे साचे

या चित्रांत आढळणाऱ्या युक्त्यांची जंत्री करणे कठीण नाही. परंतु अधिक महत्त्वाची बाब अशी की, जवळजवळ प्रत्येक प्रमुख चित्रमालिका आधीच प्रतिष्ठित असलेल्या एखाद्या धार्मिक किंवा लोकप्रिय प्रकाराचा साचा उचलते. प्रेक्षकाला साचा ओळखीचा असतो. म्हणूनच त्यातील बदल त्याला झोंबतो. पुढील उदाहरणांतून हे स्पष्ट होईल.

(अ) भक्तिपुस्तकाचा साचा. इ. स. १५२१ मध्ये व्हिटेनबर्ग येथे 'ख्रिस्त आणि ख्रिस्तविरोधक यांचे दुःखभोगचित्रण' या आशयाच्या शीर्षकाची पुस्तिका निघाली. क्रानाखच्या कार्यशाळेतील २६ छापचित्रे, म्हणजे १३ जोड्या, तिच्यात आहेत. मजकुराची जुळणी फिलिप मेलांख्थॉन आणि योहान श्वेर्टफेगर यांनी केली. ख्रिस्ताच्या दुःखभोगाची चित्रमालिका हा त्या काळातील सर्वपरिचित भक्तिप्रकार होता. अल्ब्रेख्त ड्यूररची अशी लहान आकाराची प्रसिद्ध मालिका इ. स. १५११ मध्येच पुस्तकरूपाने आली होती. पुस्तक हाती घेणारा श्रद्धाळू अशाच ध्यानासाठी पान उलटणार, हे गृहीत धरून ही रचना केली आहे.

डाव्या पानावर ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतो. उजव्या पानावर पोप राजेलोकांकडून आपल्या पायाचे चुंबन घेववतो. एका पानावर ख्रिस्ताच्या मस्तकी काट्यांचा मुकुट; समोर पोपच्या मस्तकी सुवर्णाचा तिपदरी मुकुट. एकीकडे ख्रिस्त खांद्यावर क्रूस वाहतो. दुसरीकडे पोपला माणसे खांद्यावरून वाहतात. ख्रिस्त मंदिरातून सराफांना हाकलतो. पोप चर्चमध्ये बसून पापमुक्तिपत्रे देतो आणि समोर नाण्यांचा ढीग साचतो. अखेरच्या जोडीत ख्रिस्त स्वर्गारोहण करतो, तर पोपला राक्षस नरकाग्नीत ढकलतात.

अलंकारशास्त्राच्या भाषेत हा विरोधाचा विन्यास आहे. परंतु त्याची धार शीर्षमजकुरातून येते. ख्रिस्ताच्या चित्राखाली बायबलमधील वचने आहेत, तर पोपच्या चित्राखाली प्रामुख्याने पोपच्याच धर्मकायद्यातील कलमे आहेत. प्रतिपक्षाला शिवी न देता त्याच्याच अधिकृत शब्दांना अशा जागी बसवायचे की ते स्वतःविरुद्ध बोलू लागावेत, हे उपरोधाचे प्रौढ रूप आहे. हे पुस्तक सामान्य जनांसाठी चांगले आहे, असा अभिप्राय ल्यूथरने दिला होता. येथे उपहासाचा विषय कोणी एक पोप नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. चित्रातील पोपला स्वतःचा चेहरा नाही. त्याला फक्त पोशाख आहे. हल्ला व्यक्तीवरून पदावर सरकला आहे.

(आ) अपशकुनपत्रकाचा साचा. पूर, धूमकेतू, विचित्र जन्म यांची वर्णने करणारी सचित्र पत्रके त्या काळी मोठ्या प्रमाणात खपत. अशा घटना ईश्वरी इशारे मानल्या जात आणि त्यांचा अर्थ लावणे हे विद्वानांचे काम समजले जाई. इ. स. १५२३ मध्ये मेलांख्थॉन आणि ल्यूथर यांनी मिळून काढलेल्या पुस्तिकेने हा साचा उचलला. तिच्यात दोन आकृती होत्या. पहिली 'पोपगाढव' : रोममध्ये टायबर नदीच्या पुरानंतर इ. स. १४९६ मध्ये सापडल्याचे सांगितले गेलेले एक विक्राळ जनावर. दुसरी 'मठवासी वासरू' : सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथे डिसेंबर १५२२ मध्ये जन्मलेले विकृत वासरू, ज्याच्या मानेवरची कातडी मठवाशाच्या टोपीसारखी दिसत होती.

पोपगाढवाची आकृती नवी नव्हती. व्हेंझेल फॉन ओल्म्युट्झ या कोरक्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीसच ती ताम्रपटावर कोरली होती. नवा होता तो अर्थ. मेलांख्थॉनने अवयवागणिक भाष्य केले. गाढवाचे डोके म्हणजे चर्चच्या देहावर न शोभणारे पोपरूपी मस्तक. हत्तीच्या पायासारखा उजवा हात म्हणजे दुबळ्या मनांना तुडवणारी आध्यात्मिक सत्ता. माणसासारखा डावा हात म्हणजे ऐहिक सत्ता. स्त्रीचे पोट आणि स्तन म्हणजे विलासी धर्माधिकाऱ्यांचा वर्ग. अंगावरील खवले म्हणजे त्याला चिकटून राहिलेले राजे. बायबलच्या ओळींचा पदशः रूपकात्मक अर्थ लावण्याची जी भाष्यपद्धती विद्यापीठांत शिकवली जाई, तीच येथे एका राक्षसी देहावर चालवली आहे. आजचा वाचक ही पुस्तिका केवळ विनोदी समजला, तर तो चुकेल. तिच्या कर्त्यांना तो खराखुरा ईश्वरी इशारा वाटत होता, आणि हसू व भय येथे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

(इ) उपासनाचित्राचा साचा. इ. स. १५३० च्या सुमारास निघालेल्या 'सात डोक्यांचे पोपश्वापद' या पत्रकात वेदीवर क्रूस उभा आहे आणि त्यावर ख्रिस्ताच्या देहाऐवजी मोहरा लटकवलेले पापमुक्तिपत्र आहे. वेदीच्या जागी पैशाची पेटी आहे आणि तिच्यावर सात डोक्यांचे श्वापद विराजमान झाले आहे. ही सात डोकी पोप, कार्डिनल, बिशप आणि मठवासी यांची आहेत. संत ग्रेगरी मिस्सा अर्पण करीत असता वेदीवर दुःखी ख्रिस्त प्रकट झाला, या कथेची चित्रे तेव्हा घरोघरी होती आणि त्यांच्यापुढे प्रार्थना केल्यास पापशिक्षेत सूट मिळते असे मानले जाई. त्या चित्राची मांडणी तशीच ठेवून आतील देव बदलल्याने भक्ताचा परिचयच त्याच्याविरुद्ध वापरला गेला. सात डोक्यांचे श्वापद हे बायबलच्या अखेरच्या प्रकटीकरण ग्रंथातून घेतले आहे.

(ई) उलटापालटीचा साचा. कार्निव्हलच्या सणात काही काळ उच्चनीचता उलटी होत असे. या वृत्तीचा आविष्कार १५४० च्या दशकातील पदकांवर दिसतो. पदक सरळ धरले तर पोपचा चेहरा, उलटे धरले तर सैतानाचा. मागील बाजूस कार्डिनल आणि तोच उलटा केल्यावर विदूषक. येथे पाहणाऱ्याला स्वतः हात हलवावा लागतो. उपहासाचा अर्थ कृतीने पुरा होतो, आणि ती कृती करणारा त्या अर्थात सहभागी होतो.

(उ) वस्तुसंयोगाचा साचा. १५७० च्या दशकात टोबियास श्टिमर या चित्रकाराने 'गॉर्गनचे मस्तक' या छापचित्रात पोपचे डोके सर्वस्वी पूजासाहित्यातून रचले. मुकुट घंटेचा, नाक माशाचे, डोळ्याच्या जागी पेला. भोवतीच्या चौकटीत चष्मा लावून पुस्तक वाचणारे गाढव आणि तोंडात मेंढरू धरलेला लांडगा आहे. मजकूर योहान फिशार्ट या श्ट्रासबुर्गच्या उपहासकाराचा आहे. पोप म्हणजे बाह्य उपचारांची गोळाबेरीज, आत माणूस नाही, हा सिद्धान्त येथे एकही वाक्य न वाचता डोळ्यांना पटतो.

या संदर्भात संज्ञेचा एक प्रश्न उपस्थित होतो. व्यक्तीच्या चेहऱ्यातील वैशिष्ट्ये अतिशयोक्त करून काढलेले अर्कचित्र ही इटलीत, बोलोन्याच्या काराच्ची चित्रकारांच्या वर्तुळात, इ. स. १६०० च्या आसपास रूढ झालेली कला आहे. सोळाव्या शतकातील जर्मन छापचित्रे त्या अर्थाने अर्कचित्रे नव्हेत. ती चेहरा विकृत करत नाहीत; ती पदचिन्हांची जागा बदलतात. म्हणून त्यांना उपहासात्मक रूपकचित्रे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

४. प्रत्युत्तर

हे युद्ध एकतर्फी नव्हते. फ्रान्सिस्कन मठवासी टोमास मुर्नर याने इ. स. १५२२ मध्ये श्ट्रासबुर्ग येथे 'थोर ल्यूथरपंथी मूर्खाविषयी' हे सचित्र काव्य प्रसिद्ध केले. त्याच्या नावावर कोटी करून विरोधक त्याला बोका म्हणत असत. मुर्नरने ती शिवी नाकारली नाही. आपल्या पुस्तकाच्या चित्रांत त्याने स्वतःला मठवाशाच्या वेषातील बोक्याच्या रूपातच दाखवले. विरोधकाचे शस्त्र हिसकावून स्वतःवरच मिरवणे हा उपहासातील दुर्मीळ आणि धाडसी प्रकार आहे. नगरपरिषदेने पुस्तक जप्त केले.

इ. स. १५२९ मध्ये लाइपझिग येथे योहानेस कोख्लेउस याचा 'मार्टिन ल्यूथरची सात डोकी' हा ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावरील हान्स ब्रोझामरच्या चित्रात एकाच झग्यातून सात डोकी निघतात. त्यांत एक विद्वान डॉक्टर आहे, एकाच्या केसांभोवती माश्या घोंघावतात आणि अखेरचा सोटा घेतलेला दरोडेखोर बराब्बा आहे. ल्यूथर प्रसंगानुसार परस्परविरुद्ध बोलतो, हा ग्रंथातील युक्तिवाद चित्राने एका दृष्टिक्षेपात सांगितला. वर उल्लेखिलेले सात डोक्यांचे पोपश्वापद हे बहुधा याच चित्राला दिलेले उत्तर होय.

तरीही संख्येने कॅथलिक बाजूची चित्रे बरीच कमी होती. याची कारणे कौशल्याच्या अभावात शोधणे योग्य नाही. सामान्य माणसाने धर्मसिद्धान्तांचा न्यायनिवाडा करावा, हेच कॅथलिक विद्वानांना मान्य नव्हते. त्यामुळे बाजारात उतरून त्याला आवाहन करणे म्हणजे वादाचा अर्धा भाग गमावणे होते. दुसरे कारण बाजाराचे होते. लाइपझिग हे कॅथलिक सरदार गेओर्ग याच्या अमलाखाली होते आणि तेथे ल्यूथरचे साहित्य छापण्यास बंदी होती. गिऱ्हाइकाला हवे ते छापता येत नाही आणि जे छापता येते ते विकले जात नाही, अशी तक्रार तेथील मुद्रकांच्या वतीने इ. स. १५२४ मध्ये करण्यात आली. प्रस्थापिताची थट्टा करणाऱ्याला आयता श्रोता मिळतो. प्रस्थापिताच्या वतीने थट्टा करणाऱ्याला तो मिळवावा लागतो.

५. नियंत्रण

उपहासचित्रांचे सामर्थ्य सत्ताधाऱ्यांनी लवकर ओळखले. इ. स. १५२१ च्या व्होर्म्सच्या राजाज्ञेने ल्यूथरच्या ग्रंथांबरोबरच अशा चित्रांवरही बंदी घातली. इ. स. १५३० मध्ये आउग्सबुर्ग येथील साम्राज्यसभेने मुद्रकाचे नाव आणि ठिकाण छापणे आवश्यक केले. परंतु जर्मन प्रदेश शेकडो लहानमोठ्या सत्तांत विभागला होता, आणि एका नगरात बंद पडलेले काम दुसऱ्या नगरात चालू होत असे.

नियंत्रणाची दोन उदाहरणे बोलकी आहेत. ल्यूथरने केलेला नव्या कराराचा अनुवाद सप्टेंबर १५२२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकटीकरण ग्रंथासाठी क्रानाखच्या कार्यशाळेने काढलेल्या चित्रांत बाबेलच्या वेश्येच्या डोक्यावर पोपचा तिपदरी मुकुट होता. त्यावर आक्षेप आले आणि डिसेंबरच्या आवृत्तीत मुकुटाचे वरचे पदर छाटून साधा मुकुट ठेवला गेला. लाकडाचा एक लहानसा भाग कोरून काढताच राजकीय आरोप पुन्हा निव्वळ धार्मिक रूपक झाला.

दुसरे उदाहरण न्यूरेंबर्गचे. या नगराने इ. स. १५२५ मध्ये धर्मसुधारणा स्वीकारली होती. इ. स. १५२७ मध्ये धर्मोपदेशक आंद्रेआस ओझिआंडर याने पोपसत्तेविषयीच्या मध्ययुगीन भविष्यचित्रांचा नवा अर्थ लावणारी ३० चित्रांची पुस्तिका काढली. चित्रे एरहार्ट श्योन याची होती आणि पद्ये चर्मकार कवी हान्स झाक्स याची. नगरपरिषदेने प्रती जप्त केल्या आणि झाक्सला आपल्या जोडे शिवण्याच्या धंद्याकडे लक्ष देण्याची समज दिली. प्रॉटेस्टंट नगरानेच प्रॉटेस्टंट उपहास दडपला, कारण त्याला सम्राटाचा रोष ओढवून घ्यायचा नव्हता. उपहासाला कोणता पक्ष अनुकूल आहे यापेक्षा तो कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न सत्तेला अधिक जाचतो.

६. चित्र कोणी वाचले?

रॉबर्ट स्क्रिब्नर यांनी इ. स. १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही छापचित्रे साध्यासुध्या, बहुधा निरक्षर लोकांसाठीचा प्रचार म्हणून वाचली. लोकश्रद्धा, सण आणि उपासनाचित्रे यांचे जे सामायिक भांडार होते, त्यातून या चित्रांनी आपली भाषा घेतली, हे त्यांचे प्रतिपादन आजही मोलाचे आहे. त्यावर नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः अँड्र्यू पेटग्री यांनी इ. स. २००५ मधील ग्रंथात, शंका घेतल्या. यांतील अनेक चित्रे गुंतागुंतीची आहेत. त्यांच्यावर अक्षरांच्या खुणा आणि भरपूर मजकूर आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला ती खरोखर कळत होती काय? आणि प्रवचन, गीत, नाटक व संभाषण यांच्या तुलनेत चित्राचा वाटा किती मानावा?

या वादात श्योनचे एक चित्र उद्बोधक ठरते. सैतान पिशवीची पुंगी वाजवत आहे आणि पुंगीची पिशवी म्हणजे मुंडन केलेल्या मठवाशाचे डोके आहे. एका छापात सोबतच्या पद्यात सैतान तक्रार करतो की, पूर्वी अशा पुष्कळ पुंग्या आपण वाजवत होतो, आता त्या मोडल्या. म्हणजे रोख मठवाशांवर आहे. परंतु ल्यूथर स्वतःही पूर्वी मठवासी होता. पद्य बाजूला केले की डोके त्याचेच आहे असे म्हणता येते, आणि तसा अर्थ वारंवार लावलाही गेला आहे. एकच ठसा दोन्ही पक्षांच्या कामाला येऊ शकतो. यावरून चित्र मुके आहे असे ठरत नाही. ते बोलते, परंतु कोणाविषयी बोलते हे शेजारचा शब्द ठरवतो. चित्र हे शब्दाला पर्याय नसून त्याचा भागीदार होते, आणि जमलेल्या घोळक्यात मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा साक्षर हा या भागीदारीतील दुवा होता.

७. उपहासाची मर्यादा

इ. स. १५४५ मध्ये, ट्रेंट येथील धर्मसभा भरण्याच्या वर्षी, क्रानाखच्या कार्यशाळेने 'पोपशाहीचे चित्रण' ही मालिका काढली. पद्ये ल्यूथरची होती. तिच्यात एक राक्षसीण पोप आणि कार्डिनल यांना प्रसवते. शेतकरी तिसऱ्या पॉलच्या आज्ञापत्राकडे पाठ करून वायू सोडतात. पोप डुकरिणीवर स्वार होतो. १५२१ च्या पुस्तिकेतील संयत विरोध येथे उरलेला नाही. पहिल्या चित्राविषयी खुद्द ल्यूथरनेच त्याच वर्षीच्या एका पत्रात नाराजी व्यक्त केली. चित्रकार ओबडधोबड आहे आणि स्त्रीजातीचा मान त्याने राखायला हवा होता, अशा आशयाचे त्याचे शब्द होते. मात्र मालिका मागे घेतली गेली नाही.

या दोन टोकांमधील फरक केवळ अभिरुचीचा नाही. १५२१ ची चित्रे प्रेक्षकापुढे तुलना ठेवतात आणि निर्णय त्याच्यावर सोपवतात; पोप ख्रिस्तासारखा का नाही, हा प्रश्न विचारण्यात तो तसा असावा ही अपेक्षा गृहीत आहे. १५४५ च्या चित्रांत अशी अपेक्षाच नाही. राक्षसिणीने प्रसवलेल्याला सुधारता येत नाही, फक्त नष्ट करता येते. उपहास सुधारणेचे साधन राहतो तो त्याच्या विषयाला माणूस मानतो तोवरच. त्यापुढे तो वैराची भाषा बनतो. इ. स. १६१७ मध्ये, चळवळीच्या शताब्दीला, सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक याच्या स्वप्नाचे पत्रक निघाले. त्यात व्हिटेनबर्गच्या चर्चच्या दारावर लिहिणाऱ्या ल्यूथरची लेखणी इतकी लांब होते की ती रोमपर्यंत पोचून पोपचा मुकुट डळमळवते. दुसऱ्याच वर्षी तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. चित्रांनी युद्ध घडवले असे म्हणणे अतिशयोक्त होईल; परंतु दोन्ही पक्षांच्या तीन पिढ्या एकमेकांना श्वापदरूपात पाहत वाढल्या होत्या, ही वस्तुस्थिती उरते.

मराठीच्या अभ्यासकाला या इतिहासाचा एक दुवा जवळचा आहे. 'क्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून येऊन इ. स. १५७९ मध्ये गोव्यात पोचले. त्यांच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये जॉन फॉक्सच्या हुतात्मा-ग्रंथाचा (इ. स. १५६३) मोठा बोलबाला होता. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एका बाजूस छळ सोसणारे प्रॉटेस्टंट आणि दुसऱ्या बाजूस मिस्सा करणारे, सैतानांच्या संगतीतले मुंडितमस्तक धर्मगुरू दाखवले होते. हीच विरोधाची मांडणी व्हिटेनबर्गहून लंडनला पोचली होती. गोव्यात येशूसंघीयांच्या देखरेखीखाली इ. स. १५५६ मध्ये छापखाना सुरू झाला होता आणि इ. स. १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' राशोल येथे छापले गेले. युरोपात ज्या यंत्राने स्टीफन्स यांच्या पंथाचा उपहास केला, त्याच यंत्राचा भक्तिग्रंथासाठी झालेला हा उपयोग त्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, धर्मगुरुविरोधी छापचित्रांचे बळ नव्या प्रतिमा घडवण्यापेक्षा धर्मसंस्थेनेच रुजवलेल्या साच्यांच्या विडंबनात होते. ज्या समाजाला दुःखभोगाची चित्रे आणि वेदीचित्रे पाठ होती, त्याच समाजात हे विडंबन समजू शकत होते. दुसरी अशी की, या चित्रांचा अर्थ चित्र आणि शब्द यांच्या संयोगातून निर्माण होतो; म्हणून मजकूर कापून केवळ चित्र छापणारी पाठ्यपुस्तके त्यांना अर्धेच वाचतात. तिसरी अशी की, ही चित्रे धर्मगुरूंच्या वर्तनापेक्षा चित्रे काढणाऱ्यांच्या आणि विकत घेणाऱ्यांच्या अपेक्षांची, भयाची आणि रोषाची विश्वसनीय साक्ष देतात. वर्गात पोपगाढवाचे चित्र दाखवताना विद्यार्थ्याला पोप कसे होते हे विचारण्यापूर्वी, हा ठसा कोणी कोरला, त्याखाली काय छापले होते आणि तो पाहून कोण हसले असेल, हे विचारले पाहिजे.